वारा असेल

डंडी शहरात, टे नदीच्या काठी,
तागाच्या एका जुन्या गिरणीत
हल्ली अंधार विणतात.
तिसऱ्या मजल्यावर मॉर्वेन गेडिस
तीनशे बाराव्यांदा
त्याच छपरावरून खाली उतरतेय.

तिच्या हाती रातवा आहे.
दिवसा फांदीला आडवा चिकटून
सालपटासारखा दिसणारा तो पक्षी,
त्याच्याच नावाचा हा नायक:
काळा झगा, बिनआवाजी बूट,
आणि कुणीतरी मेल्याचं जुनं दुःख,
जे फक्त पहिल्या लेव्हलला आठवतं.

अहवाल तिने असा सुरू केलाय.
जमेच्या बाजू: सावली झकास.
दिवा फोडला की अंधार धपकन पडत नाही,
कोपऱ्याकोपऱ्यातून
मांजरासारखा येऊन बसतो.
तुळईवर दबा धरला
की कंट्रोलर तळहातात धडधडतो
आणि पाव तासाने सांगता येत नाही
ठोके कुणाचे.
झेप सुंदर. झगा जरा उशिरा पोचतो,
जणू त्याला यायचंच नव्हतं.

उण्या बाजू: मारामारी एका बटणाची.
तासभर ज्याला श्वास रोखायला लावला
त्याने शेवटी बुक्क्यांनीच दार फोडायचं असेल
तर श्वास कशाला रोखायचा?
शेवटचा खलनायक फार बोलतो.
बोलू दे; पण त्याला गप्प करायची सोय नाही.
कॅमेरा कधीकधी भिंतीत शिरतो,
भिंतीच्या आत काहीच नसतं.

आणि पहारेकरी.
इथे ती अडते.

बाटली पडते खळ्ळकन,
जोडीदार डोळ्यांदेखत नाहीसा होतो,
तरी हा मान वळवतो, म्हणतो, "वारा असेल,"
तीस सेकंद इकडेतिकडे बघतो
आणि विसरून
पुन्हा आपल्या फेरीला लागतो.

गेल्या रविवारी तिचा बाप आला होता, डूगल्ड.
सत्तावीस वर्षं गोदीवर रात्रपाळीचा रखवालदार.
तिने कंट्रोलर त्याच्या हातात दिला.
त्याने रातव्याला छपरावरून उतरवलं,
चक्क उजेडातून नेलं
आणि पहारेकऱ्याच्या मागे, चार पावलं सोडून,
चालवत राहिला:
गोदाम सहा, कुंपण, पाण्याची टाकी, परत गोदाम सहा.
प्रत्येक दाराशी थांबून कडी हलवून बघायला गेला.
रातव्याला कडी हलवता येत नाही.
त्याच्यासाठी दारं उघडतात
नाहीतर फुटतात.

"अगं, हा अख्खी रात्र चालतो
आणि याच्यापाशी चहाचा थर्मास नाही?"

मग बऱ्याच वेळाने,
नजर पडद्यावरच ठेवून:
"वारा असेल, असं आम्हीही म्हणायचो.
म्हणताना माहीत असायचं
की वारा नाहीये.
पण पगार बघता
वारा असलेला बरा."

मॉर्वेनने बग नोंदवला.
क्रमांक चार हजार एकशे आठ.
पहारेकऱ्याला थर्मास नाही.
गांभीर्य: किरकोळ.
पुन्हा घडवून बघण्यासाठी: रात्रभर चाला.
सोमवारी स्ट्रूअनचं उत्तर आलं, शेजारच्याच टेबलावरून:
"ठरवलंय तसंच आहे. बंद."

आता तीनशे तेरावी खेप.
बाहेर टेवरचा पूल दिसत नाही इतकं धुकं.
खाली तो टाकीपाशी वळतोय,
वर तुळईवर ती,
आणि पडद्याच्या कडेला बटण लुकलुकतंय.
यावेळी तपासायचंय तेच:
पाडल्यावर काय होतं.
तिने दाबलं. काम आहे.

तो आवाज न करता खाली बसला,
मग कुशीवर कलंडला.
टोपी सुटली,
धक्क्याच्या उतारावरून घरंगळत गेली,
दगडाला अडखळली, स्वतःभोवती फिरली,
पाण्याच्या काठाशी
क्षणभर उभी राहिली.

टोपीचं घरंगळणं
अप्रतिम आहे.
मॉर्वेन वर जाते,
जमेच्या बाजूंमध्ये
एक ओळ वाढवते.