दोन बोटं माया

यंदा आम्ही सगळ्यात खाली आलो,
म्हणून पोरगं निवडायचा पहिला मान आमचा.
लीगनं असा नियम काढलाय,
हरलेल्याच्या ताटात आधी वाढा.
रविवारी बेळगावात, कॅम्पातल्या हॉलमध्ये नाव पुकारतील,
आणि सोमवारपासून वडगावच्या माझ्या दुकानात
मशीनसमोरच्या बाकावर कापड ठेवायला जागा नाही.

"बसूच पाहिजे," मोनाप्पा म्हणतो,
बत्तीस वर्षं बसची घंटी ओढलेला हात वर करून.
"काकतीच्या तळवारांचा. डाव्या पायानं मारतंय बघ,
चेंडू जातोय एकीकडं, गोलकीपर दुसरीकडं."
"आणि दम? पन्नासाव्या मिनिटाला कंबरेवर हात!"
दस्तगीरला सनदींचा इर्फान हवा.
पहाटे चारला मार्केटात भाजीची पोती उतरवून
मग सरावाला येतं ते पोरगं, दमाचं काय विचारता.
"पोती उचलणाऱ्याचा गुडघा किती वर्षं टिकंल?"
"तुझा टिकलाय की अजून, फुकटचा चहा प्यायला."

कोपऱ्यातनं परशराम दर दहा मिनिटांनी सांगतो,
गोलकीपर घ्या रे, खानापूरचा तो सोझांचा पोरगा,
गेल्या साली एकोणतीस गोल खाल्लेत आपण.
कोणी ऐकत नाही.
गोल अडवणाऱ्यावर भांडायला मजा येत नसावी.

भांडण सुरू होतं मराठीत,
चढलं की कन्नडात जातं,
शिव्यांसाठी दखनीत उतरतं,
चहा आला की पुन्हा मराठीत.
माझ्या पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावरनं याच बाकानं आठवडाभर अबोला धरला होता.
जर्सीच्या पाठीवर मात्र नऊ.
नऊ कुठल्या लिपीत शिवू, हे अजून कुणी विचारलं नाही.

"तुम्ही सांगा, मास्तर."
मी तोंडात टाचण्या धरतो.
टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही,
एवढं एक सुख आहे या धंद्यात.

दोघांचीही मापं आहेत माझ्या वहीत.
बसू, छाती एकतीस, शाळेचा शर्ट, जूनमधलं माप.
दिवाळीला आला तेव्हा मनगट बाहेर.
आई म्हणाली, उसवा की, आत असंल कापड.
होतं.
इर्फानची पँट दोनदा खाली सोडली,
जुन्या दुमडीची रेघ अजून दिसते पोटरीवर,
पुलाच्या खांबावर पुराची खूण राहते तशी.

वाढत्या अंगाचं आम्ही काठोकाठ कापत नाही.
शिवणीच्या आत दोन बोटं ठेवतो.
त्याला माया म्हणतात.

ऐंशी साली मोनाप्पाचंही नाव पुकारणार होते.
त्या दिवशी कुठला शर्ट घातला होता ते त्याला आठवतं,
कुणाचं नाव पुकारलं ते आठवत नाही म्हणतो.
हे निघालं की दस्तगीर चहा ढवळत बसतो,
साखर कधीच विरघळलेली.

रविवारी दीडला फोन आला.
मोनाप्पानं ऐकला, दस्तगीरकडं दिला,
त्यानं ऐकून माझ्याकडं.
सोझांचा पोरगा.

बाक पहिल्यांदाच गप्प.
परशरामचा चेहरा तर उतरलेला,
आता प्रत्येक गोल त्याच्या खात्यावर.
"माप?" मी विचारलं.
"उंच आहे म्हणतात," तो पुटपुटला,
"सतरावं लागलंय नुकतं."

निळं कापड गुंडाळून ठेवलं, पिवळं काढलं.
नऊ गेला, एक आला.
खडू हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो,
न पाहिलेल्या खांद्याचा अंदाज घेत,
आणि या वेळी
दोनाऐवजी चार बोटं ठेवली.