साहित्य

सातपूरच्या शेडवर पाटी लावली :
'पेनचे साहित्य. पेन घडवून मिळेल.'
पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले,
विचारलं, कवितासंग्रह ठेवता का?
मी एबोनाइटचा दांडा पुढे केला.
त्यांनी तो हुंगला
आणि अलगद जागेवर ठेवला.

हुंगायलाच हवा होता.
लेथवर चढवला की गंधक सुटतं,
माझा सदरा घरात कुणी आत घेत नाही.
पण एबोनाइट हाताला थंड लागत नाही.
निफाडचा पारा चारावर आला
तरी पहाटेच्या पाळीचा टाइमकीपर
ते बोटांत धरतो आणि हजेरी लिहितो.

अ‍ॅक्रिलिक देखणं.
सालपटं निघतात लांबच लांब, मोरपंखी,
शेजारच्या वेल्डरची मुलगी ती वेणीत माळते.
निरोपसमारंभाला द्यायला उत्तम.
पडलं, की टवका.

पितळ तांबट आळीतून, मोडीतलं :
घंगाळाचे कान, समईचे मोडके पाय.
घामट हातात आठवड्यात काळवंडतं,
आणि जेवताना घासालासुद्धा त्याचा वास.

राहिलं द्राक्षाचं खोड.
ओझरच्या पुढे जुनी बाग काढली की पिकअपभर मिळतं.
पाहुण्यांना तेच हवं असतं, नाशिकचं म्हणून.
पीळदार, भेगाळ, आत कुठे पोकळ ते सांगत नाही.
दोन वर्षं सावलीत ठेवलेलं एक
शेवटच्या फेऱ्याला हातात फुटलं.
कूस अजून अंगठ्यात आहे, थंडीत ठणकतं.

म्हणून मी आधी हात बघतो.
रामकुंडावर बसून बघतात तसा नाही,
रेषांतलं मला कळत नाही.
घाम किती, घट्टा कुठल्या बोटाला,
पकड चिमटीची की मुठीची.

खैरनार बाईंनी हात पदराखाली ठेवला होता.
"बँकेत सही जुळत नाही. म्हणतात, अंगठा द्या."
मग बराच वेळ लेथकडे बघत राहिल्या.
"अडतीस वर्षं गणित शिकवलंय."
हात टेबलावर ठेवला,
तसे डबीतले स्क्रू वाजायला लागले.

तीन पेनं वाया गेली.
पितळेच्या वजनानं हात ठरला,
पण दोन ओळींत मनगट बसलं.
अ‍ॅक्रिलिक घामानं निसटलं.
खोडाच्या गाठी बोटांना सापडल्या खऱ्या,
टोपण मात्र लागेना.

चौथं असं :
अंग एबोनाइटचं,
निबच्या मागे, आत, समईच्या पायाचं कडं
(बाहेरून कळत नाही),
आणि बोटं टेकतात तेवढीच जागा
द्राक्षाच्या खोडाची, पॉलिश न केलेली.

नवं पेन हातात आलं की माणूस आपलं नाव लिहितो.
बाईंनी लिहिला एकोणतीसचा पाढा.
२९, ५८,
८७ मधल्या आठाला शेपूट फुटलं,
११६ ओळ सोडून खाली उतरले,
१४५ पुन्हा वर चढले.
२९० खाली रेघ मारली, नदीसारखी वाकडी.
चष्मा काढून एकेक आकडा तपासला.
मग पेन माझ्याकडे दिलं.

"आता तुम्ही. तीसचा नको, तो कुणालाही येतो.
एकतीसचा."

गंधकानं काळ्या झालेल्या बोटांनी
मी लिहायला लागलो.
एकशे शहाऐंशीपर्यंत ठीक गेलं.
मग थांबलो,
आणि त्या थांबून राहिल्या.