हातचा

फाईल आली तेव्हा तुम्हाला नाव नव्हतं.
रुग्ण चौदा. वय एकाहत्तर. प्रोस्टेट, हाडांत उतरलेला.
खाली रक्ततपासणीचे आकडे.
मी त्यांतून एक रेघ ओढली
आणि डंडीच्या तिसऱ्या मजल्यावर, टे नदीकडे पाठ करून,
वर्षभर तुमच्या सोबत राहिले.

दोन समीकरणं. एकात औषधाला भिणाऱ्या पेशी,
दुसऱ्यात न भिणाऱ्या.
जागा एकच, अन्नही तेवढंच.
भित्र्या सगळ्या मारल्या
तर निगरगट्टांना रान मोकळं.
म्हणून आकडा निम्म्यावर आला की औषध थांबवायचं,
वर चढू द्यायचा, मग पुन्हा द्यायचं,
हातचं राखून.
जिंकायचं नाही. झुलवत ठेवायचं.

मे महिन्यात तुम्ही स्वतःच आलात,
ड्युगल्ड रॅट्रे, ब्लेअरगाउरीचे, रास्पबेरीवाले.
टोपी गुडघ्यावर ठेवून विचारलंत,
"या कागदात मी कुठे आहे?"
मी बोट ठेवलं. वाढीचा वेग. जागेची मर्यादा.
तुम्ही चष्मा पुसलात.
"हे तर माव्याचंच गणित.
बहात्तर साली अख्खा मळा फवाऱ्याने धुऊन काढला मी.
जे चार उरले, ते पुढच्या वर्षी
औषध पिऊन माजले.
बापाने नंतर कधी पूर्ण टाकी मारू दिली नाही."
मग उठता उठता,
"पण मावा मळ्यात ठेवून घरी झोपता येतं, पोरी.
हा अंगात घेऊन झोपायचं."

त्याला माझ्याकडे अक्षर नव्हतं.

सात फेऱ्या. रेघ करवतीसारखी.
ऑगस्टात टपालाने खोका आला, फळं अर्धी चेपलेली,
झाकणावर पेन्सिलने: फवारा कमी.
लाल डाग अजून आहे माझ्या वहीवर,
नेमका आलेखाच्या बाहेर.

आठव्या फेरीत आकडा नऊवर यायला हवा होता.
एकोणीसवर अडला.

मोजलेलं वजा मांडलेलं:
आमच्यात याला बाकी म्हणतात.
मी रात्रभर एकेक आकडा सैल केला, आवळला,
रेघ हलली,
तुमच्यापर्यंत पोचली नाही.

सकाळी तुमचाच फोन. पाऊस, कुत्र्याचा पाय,
या वर्षी वेचायला माणसं मिळत नाहीत.
मग नेहमीसारखं,
"बाकी काय?"

"दहा," मी म्हणाले.

बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज,
तुम्ही बहुधा ओळींच्या मधे उभे होतात.
"बरं," म्हणालात,
"दहाचं शून्य लिही. हातचा एक."