एकेचाळीस नंबरचा उंदीर

सकाळी उणे एकतीस.
खिडकीबाहेर उलानबातर धुरात बुडालेलं,
टेकडीवरच्या नमद्याच्या घरांतून कोळसा वर येतोय,
आणि मी तराजूवर उंदीर ठेवते.
बावीस ग्रॅम. शेपटीवर शाईने एकेचाळीस.

प्रयोगशाळेत ऊब आहे, ती उंदरांसाठी.
डॉ. नार्मांदाख म्हणतात, यात नवं काहीच नाही.
तीच पिवळी कॅप्सूल,
भावाच्या तोंडावर पुरळ आलं तेव्हा दिलेली,
शेजारच्या यांजमाबाईंना खोकल्यावर दिलेली,
बाबांनी तीस वर्षं अरहंगाईच्या थंडीत
कोकरांचे जबडे उघडून
पाण्यात कालवून पाजलेली.
कोपऱ्यावर मिळते. पावाच्या किमतीत.

बाबा गुरांचे डॉक्टर.
आता त्यांच्याच काळजात
आरूलच्या खड्याएवढी गाठ, कडेला दोन बारक्या.
रिपोर्टात यकृत लिहितात,
आम्ही घरात काळीजच म्हणतो.
सख्ख्या माणसांनाही आमच्यात काळजाची माणसं म्हणतात,
जन्मगावाला काळजाची भूमी.
आणि काळजाच्या वॉर्डात खाट मिळत नाही,
बाहेर बाकावर माणसं बूट न काढता झोपतात.

विषाणू कधी आला कोण सांगणार.
बाबा म्हणतात, शाळेत एका सोमवारी
सगळा वर्ग बाही वर करून रांगेत होता,
सुई एकच होती,
नर्स फार प्रेमळ होती.

काळजाला घरं पडणं म्हणतात
ते पडद्यावर असं दिसतं:
एक घर, शेजारी दुसरं,
मग रक्ताच्या वाटेने
सामान बांधून फुफ्फुसाकडे निघालेलं बिऱ्हाड.

डॉक्टरांनी एकदा फळ्यावर काढून दाखवलं.
पेशीच्या आत एक जुना भाडेकरू राहतो.
अब्जावधी वर्षांपूर्वी तो जंतूच होता,
आत शिरला, राहिला,
चूल सांभाळू लागला, घरचाच झाला.
गाठ वाढते ती त्याच चुलीवर.
गोळी तर जंतूंच्या मागावर हिंडणारी,
तिला तो ओळखू येतो,
वेष बदललेला माणूस चालीवरून ओळखावा तसा.
चूल मंदावते.
गाठ मरत नाही, मंदावते.
या शब्दाखाली डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या
आणि खडू ठेवताना म्हणाले, उंदरात. अजून फक्त उंदरात.

रात्री खारट चहा ओतताना बाबा म्हणाले,
"कपाटात अर्धी बाटली आहे. कोकरांची."
मी म्हणाले, नाही.
तुम्ही उंदीर नाही, मात्रा कुणाला माहीत नाही,
तुमचं काळीज ती पेलेल का, तेही नाही.
"कोकरांची मात्रा तरी कुठे माहीत होती?
उचलून बघायचो, अंदाजाने द्यायचो."
हसले. डोळ्यांतला पिवळेपणाही हसला.
मी बाटली कोटाच्या खिशात टाकली.
बसच्या प्रत्येक खड्ड्याला ती वाजते,
अजून वाजते,
फेकायला हात होत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी एकेचाळीसला झोपवलं.
आधी चाळीस नंबर, ज्याला नुसतं पाणी दिलं होतं:
फुफ्फुसावर पांढरे ठिपके. सतरा.
मग एकेचाळीस.
भिंग पुसलं. पुन्हा मोजले.
दोन.
काचपट्टी सोलोंगोकडे सरकवली, तिला काही न सांगता.
तीही म्हणाली दोन.
वहीत लिहिलं. वहीचे रकाने अरुंद आहेत.

घरी बाबा जागे होते,
पाठीला उशी, मांडीवर न वाचलेला पेपर.
"तुझ्या उंदराला किती घरं पडली?"
दोन, मी म्हणाले.
"माझ्याहून एक कमी," बाबा म्हणाले,
आणि माझ्या कपात
चहा काठोकाठ भरला.