उलटे आटे

नॉरिस सग्डेनचा उजवा गुडघा
मी त्याच्याआधी ओळखत होते.
हडर्सफील्डच्या इस्पितळात, पडद्यावर,
पांढराशुभ्र, नवाकोरा,
आजूबाजूची हाडं मात्र एकोणीसशे अडतीसची.

मग कळलं, आमच्याच उतारावर राहतो.
लिहायचं स्लेथवेट, म्हणायचं स्लॅविट,
मधली अक्षरं कालव्यात सोडून द्यायची.
शेडमध्ये सायकल आहे म्हणाला. बघतेस का?

चेन म्हणजे एक ताठ तपकिरी काडी.
सीटची दांडी फ्रेममध्ये रुतून बसलेली,
जिने ती तीस वर्षांपूर्वी तिथे खुपसली
तिच्यासारखीच हट्टी, म्हणाला. नाव नाही सांगितलं.
पण नळीवर टिचकी मारली
तर घासलेल्या तांब्यासारखा आवाज.

ओव्हरऑइलिंग करू, मी म्हणाले.
हा मिरजेच्या सायकलमार्टातला शब्द.
नॉरिसला हे इंग्रजी येत नव्हतं.

तो स्टुलावर, पाय लांब करून.
मी जमिनीवर, रॉकेलच्या डब्यात हात कोपरापर्यंत.
पेडलच्या बुडाचा कप दोन संध्याकाळी निघेना.
पान्याला पाइप लावला, पाइपला माझं सगळं वजन.
तिसऱ्या दिवशी नॉरिस चहा ढवळत म्हणाला,
उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, पोरी.
तू दोन दिवस आवळतेयस.

मी! जिच्या खिशात शिशाचा एक L आणि एक R,
जी रोज साठ जणांना विचारते, डावा की उजवा,
आणि तरी पुन्हा एकदा विचारते.

मागचा चिमटा सहा मिलिमीटर फाकवला,
फळी घालून, श्वास धरून,
दोऱ्याने दोन्हीकडचं अंतर मोजत.
जुनं पोलाद ऐकतं. थोडं कुरकुरतं, पण ऐकतं.
नव्या चाकाचा आउट काढला.
ब्रेकचे रबर नवे, केबल नव्या.
रंगाला हात लावायचा नाही, हे त्याचं.
मागे बत्तीस दात्यांचं चक्र, हे माझं.

बत्तीस? तो चिडलाच.
आम्ही चोवीसवर चढायचो हे सगळे डोंगर.
आणि म्हणून? मी त्याच्या गुडघ्याकडे बघितलं.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
बत्तीस लाव, म्हणाला.

रविवारी मी चढ चढून आले, न उतरता.
तो फाटकाशी उभा. कशी झाली, विचारलं नाही.
चाक उचल म्हणाला, पेडल फिरव.
डोळे मिटून ऐकलं.
एक छर्रा कमी आहे.

शक्यच नाही. अकरा अन् अकरा, मोजून भरलेत.

सोमवारी इस्पितळात, कुणाचा तरी घोटा,
R काढायला खिशात हात घातला
तर बोटांना काहीतरी गोल लागलं,
ग्रीसने माखलेलं.
पेशंट म्हणाला, डावा आहे, डावा.

हो, म्हटलं. एक मिनिट.