हिरवी वायर

जुनी शेगडी गेली परवा,
डीपीवर जाळ झाला त्याच रात्री.
काचेखाली एक झुरळ, भाजलेलं,
अन् वास जळक्या बेसनाचा.

नवी आणली दिग्रसहून, एसटीत मांडीवर धरून.
हिची पिन जाडी, सोळा अँपिअरची.
जुनीची पिन कापून मोऱ्यानं
वायर थेट बोर्डात कोंबली होती.

बोर्ड उघडला. चारातले तीन स्क्रू निघाले,
चौथ्याचा माथा झिजलेला,
त्याला कुंदाची सांडशी लावली.
आत भावाचा हात दिसला:
टेपच्या जागी दवाखान्याची चिकटपट्टी,
गाठी अशा की बैलाचं दावं बांधावं.
लाल वायर नाहीच. काळ्या दोन, हिरवी एक.
हिरवी म्हणजे अर्थिंग, एवढं मलाही ठाऊक.
तरी टेस्टर टेकवला
तर हिरवीवरच दिवा लागला.

मेन पाडला.
कुंदा म्हणाली, त्याले फोन लावा.
मी म्हटलं, पाहू.
बांधावरच्या दोन पळसांपायी
चार वर्षं बोलणं नाही आमचं.
तो बुटीबोरीला, कंपनीत;
दिवाळीत परस्पर सासुरवाडीला जातो.
पाहू, पाहू म्हणता
तिनंच लावला, अन् धरला माझ्या कानाशी.

हॅलो नाही, कसा आहेस नाही.
"मोऱ्या, हिरवी कोणती रे?"
पलीकडं मशीन घरघरत होती.
मग घरघर लांब गेली.
"हिरवीले हात नोको लावू, दादा. फेज हाय ते.
लाल संपली होती त्या दिवशी दुकानात."

बिनगाठीची काळी न्यूट्रल,
गाठ मारलेली अर्थिंग.
"गोठ्यामागं खड्डा हाय,
बाभळीचा कोळसा अन् खडेमीठ पुरलं मी.
पाणी घालतं का कोणी त्याच्यात?"

कोणी घालत नव्हतं.
मे महिना. पाइपाच्या तोंडात मुंग्या.
एक बादली ओतली, गेली.
दुसरी ओतली, तीही गेली.
तिसरीला बुडबुडे आले.

सॉकेट बसला, जरा तिरका, पण घट्ट.
मेन उचलला. टीं.
जर्मनचा गंज ठेवला,
तर तिनं ओळखलाच नाही, नुसती लुकलुकत राहिली.
मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक घेऊन
कुंदा भांड्याभांड्याला लावत फिरली;
चिकटलं फक्त तिच्या आंदणातल्या डेगचीला.

फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला, चालूच.
"बसली का?"
"बसली."
"मंग चहा मांड," म्हणाला.
ठेवला मात्र नाही त्यानं.
मीही नाही.