लाकडातली गाठ

लोकांच्या सोफ्यावर बसणं हा माझा धंदा आहे.
दुकान पाठवतं. मी जातो, बूट दारात काढतो,
मधोमध बसतो, मग डावीकडे, मग उजवीकडे,
टेप लावतो, बॅटरी मारतो, फोटो काढतो,
आणि विचारतो जे विचारायला शिकवलंय:
हातावर कुणी बसतं का? नातवंडं उड्या मारतात का?
घरात कुत्रा?
वजन विचारायचं नसतं. ते नजरेनं जोखायचं.

फॉर्मच्या तळाशी तीन चौकोन आहेत.
पहिल्यावर माझं पेन आपोआप जातं:
'वापरामुळे झालेली झीज'.
अकरा वर्षं त्या चौकोनानं माझं घरभाडं भरलंय.

ग्रिम्सबी. मार्चमधला मंगळवार, गोदीकडून वारा,
कोटाची बटणं एकेक चाचपून आत शिरणारा.
एनिड ब्लॅकशॉ, वय बहात्तर,
मासळीच्या कारखान्यात चौतीस वर्षं हॅडॉक चिरून
गाठीला बांधलेल्या पैशातून
आठशे चाळीस पौंडांचा निळा सोफा.
तिनं चहा विचारला नाही. बरोबरच होतं.
भिंतीवर कॅलेंडर, रोजची एक फुली.
'आज सव्विसावा,' ती म्हणाली. 'तीस दिवसांच्या आत
मला सगळे पैसे परत मागता येतात. दुरुस्ती नको,
बदली नको, कूपन तर नकोच नको.
दुकानातला पोरगा फोनवर म्हणतो, मॅडम, आमची पॉलिसी.
म्हटलं, पॉलिसी ठेव तुझ्या खिशात, बाळा,
मी कायद्याचं बोलतेय.'

सोफा डावीकडे कलला होता,
ओहोटीत चिखलावर टेकलेल्या बोटीसारखा.
मी बसलो. आत काहीतरी कण्हलं.
'हे असं,' ती म्हणाली, 'नवव्या रात्रीपासून.
मी एकटी राहते. कुत्रा नाही. नातवंडं पर्थला.
आणि हातावर बसायचं आता माझं वय नाही.'

उलटा करायला दोघांनी धरला.
तिनं माझ्यापेक्षा सहज उचलला.
बुडाला काळं कापड, स्टेपल मारलेलं.
कंपनीचा नियम, कापड फाडायचं नाही.
मी नियम सांगितला. ती स्वयंपाकघरात गेली
आणि सुरी घेऊन आली.
पातं इतकं बारीक उरलेलं, वेताच्या काडीसारखं.
झीज म्हणजे काय
ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

'सरका,' म्हणाली.
एकच चीर, शेपटापासून डोक्यापर्यंत,
कुठेही न अडखळता. कापड दोन्हीकडे गळून पडलं.
आत काटा होता.
म्हणजे लाकूड. आडवी पट्टी, तिच्यात
नाण्याएवढी काळी गाठ, गाठीतून गेलेली भेग,
आणि भेगेवर चोपडलेला गोंद,
पिवळा, वाळलेला, जुना.
कारखान्यातच कुणीतरी पाहिली होती ती,
बोटानं लिंपून पट्टी पुढं ढकलली होती.
पाणी इथं मुरत होतं.

'गाठ झाडात होती,' ती म्हणाली. 'मी नाही बांधली.'

मी पेन काढलं. ते पहिल्या चौकोनाकडे निघालंच.
तिनं सुरी एप्रनला पुसली. धमकी नव्हती ती,
सवय होती. तरी पेन थांबलं.
तिसरा चौकोन मी इतका कमी वापरलाय
की चष्मा लावून वाचावा लागला:
'मूळचा दोष'.
फुली मारली. तिच्या कॅलेंडरवर असते तशी.

पैसे एप्रिलमध्ये जमा झाले म्हणे.
सोफा न्यायला आलेल्या पोरांना तिनं चहा दिला.
मला त्या महिन्यात कामं कमी आली.
मॅनेजर म्हणाला, मंदी आहे.
असेल.

माझ्या घरी एक खुर्ची आहे. मागचा पाय
घेतल्यापासून हलतो. खाली टेकूला घडी केलेला फॉर्म,
सात वर्षांपूर्वीचा.
काल तिला उलटी केली.
पावती केव्हाच गेलीय.
नुसतं बघायचं होतं.